जिवंत पेशी आणि काम करणारी पेशी

पॅरासिटामॉल यकृताला इजा कशी करतं हे पाहायचं असेल, तर हेपजीटू पेशी फारशा उपयोगी पडत नाहीत. १९७० च्या दशकात अर्जेंटिनातल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या कर्करोगाच्या गाठीपासून त्या वाढवल्या गेल्या. फ्लास्कमध्ये कितीही दिवस वाढतात, म्हणून जगभर वापरल्या जातात. पण पॅरासिटामॉल मुळात विष नाही. यकृतातली सायटोक्रोम पी४५० एन्झाइमं त्याच्या थोड्या भागाचं एनएपीक्यूआय नावाच्या जहाल रेणूत रूपांतर करतात. पेशीतलंच ग्लुटाथायोन नावाचं संयुग त्या रेणूला निकामी करतं. डोस एवढा झाला की ग्लुटाथायोन संपावं, मग पेशी मरायला लागतात. हेपजीटूमध्ये ही एन्झाइमं जेमतेमच असतात. त्यामुळे पीएचडीच्या सुरुवातीलाच ठरलं की पांढऱ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या यकृतातून ताज्या पेशी काढायच्या.

आधी प्राणी-नैतिकता समितीची परवानगी. फॉर्म बीमध्ये किती प्राणी लागणार आणि इतकेच का, याचं उत्तर द्यावं लागतं. मला ही अट पटते. एका यकृतातून कोट्यवधी पेशी मिळतात, तेव्हा कुठल्या पेशीचं काय करायचं हे प्राण्याला हात लावण्यापूर्वी कागदावर असायलाच हवं. प्राणीगृहातले मामा मला म्हणाले होते, ‘‘मॅडम, आल्या आल्या लगेच घ्यायचा नाही हं त्याला, आधी शांत होऊ द्या.’’ ते मी कायम पाळते.

पद्धत जुनी आहे. बेरी आणि फ्रेंड यांनी १९६९ मध्ये यकृतातून कोलॅजिनेज, म्हणजे पेशींभोवतीचं कोलॅजन हे प्रथिन तोडणारं एन्झाइम, खेळवून पेशी सुट्या केल्या, आणि पुढे सेग्लेन यांनी त्याचे दोन टप्पे पक्के केले. प्राण्याला पूर्ण भूल दिल्यावर पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेत, कॅन्युला (बारीक नळी) घालून दोऱ्याने बांधायची, खालची महाशीर कापून रक्ताला वाट करून द्यायची आणि ३७ अंशांवरचा, कॅल्शियम नसलेला बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) सोडायचा. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांना कॅल्शियम लागतं, त्यामुळे ते काढून घेतलं की जोड सैल होतात. दुसऱ्या टप्प्यात कॅल्शियम परत द्यायचं, कारण कोलॅजिनेजला काम करायला तेच हवं असतं.

शिकायचं असतं ते या दोन टप्प्यांच्या आत. बफर आत गेल्याबरोबर यकृताचा लालसर तपकिरी रंग उतरून ते फिकट बदामी व्हायला हवं, आणि सगळ्या खंडांत सारखं. एखादा खंड ठिगळासारखा लाल राहिला तर तिथे प्रवाह पोहोचलेला नाही. बहुतेक वेळा नळीतला हवेचा बुडबुडा सूक्ष्म वाहिन्यांत अडकलेला असतो, म्हणून नळी भरताना मी घाई करत नाही. कोलॅजिनेज किती वेळ चालवायचं हे घड्याळ सांगत नाही. बोथट चिमट्याने हलकं दाबलं आणि मळलेल्या कणकेसारखा खळगा तसाच राहिला, की थांबायचं. हे एन्झाइम एका जिवाणूपासून मिळतं आणि त्याचा प्रत्येक लॉट वेगळा वागतो. तो फार शुद्ध असला तरी चालत नाही; त्यासोबत येणारी इतर प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइमंही, थोडी लागतात. आम्ही नमुने मागवून तपासतो आणि पसंत पडलेल्या लॉटच्या जास्तीत जास्त बाटल्या एकदमच घेऊन ठेवतो.

पुढे थंड माध्यमात यकृतावरचं पातळ आवरण फाडायचं, हलकेच हलवून पेशी मोकळ्या करायच्या, जाळीतून गाळायच्या आणि ५० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट, इतक्या कमी वेगावर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या. हेपॅटोसाइट, म्हणजे यकृताच्या मुख्य पेशी, मोठ्या आणि जड, त्या तळाशी बसतात. कुप्फर (यकृतातल्या भक्षक पेशी) आणि इतर लहान पेशी वर तरंगत राहतात. ट्रिपन ब्लू हा रंग घातला की मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. ८५ टक्क्यांच्या वर जिवंत असल्या की तयारी चांगली मानतात.

हा आकडा मलाही पुरेसा वाटायचा. कोलॅजनचा थर दिलेल्या प्लेटवर पेशी काही तासांत चिकटल्या, बहुकोनी झाल्या, कित्येकींत दोन-दोन केंद्रकं स्पष्ट दिसत होती. पण दोन दिवसांनी त्याच प्लेटला पॅरासिटामॉल दिलं, तर पेशी आरामात जगल्या. औषध निरुपद्रवी ठरलं नव्हतं. त्याचं विष करणारी एन्झाइमंच त्यांच्यात उरली नव्हती. शरीराबाहेर आल्यावर हेपॅटोसाइट एक-दोन दिवसांतच आपली बरीचशी कामं सोडून देते. ट्रिपन ब्लूला यातलं काहीच दिसत नाही.

आमच्याच मजल्यावर एक ताई सशाच्या जठरग्रंथींवर काम करतात. त्यांच्याकडे हिस्टामिन दिल्यावर आम्ल तयार होतं का, हा खरा सवाल असतो. अमिनोपायरिन हा सौम्य आम्लारी रेणू आम्लाच्या जागी अडकून साठतो. किती साठला यावरून आम्ल बनवणारी पॅरायटल पेशी कामावर आहे की नाही हे कळतं. त्यांच्या वहीत जिवंत पेशींच्या टक्केवारीपुढे नेहमी हा दुसरा आकडा असायचा. त्यानंतर मीही प्रत्येक तयारीचं युरिया, अल्ब्युमिन आणि पी४५० ची क्रिया मोजायला लागले.

पॅरासिटामॉलचे प्रयोग मी आता पेशी चिकटल्या चिकटल्या, पहिल्याच दिवशी करते. तेव्हा ग्लुटाथायोन घटताना दिसतं, आणि वेळेत एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन दिलं तर पेशी वाचतात, अगदी रुग्णालयात याच औषधाने रुग्ण वाचतात तसं. लांबच्या प्रयोगांसाठी कोलॅजनच्या दोन थरांमध्ये पेशी ठेवते. डन, यार्मुश आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं की अशा रचनेत अल्ब्युमिन सहा आठवडे स्रवत राहतं. शेजारच्या पेशींमध्ये पित्ताच्या बारीक वाहिन्या उजळ रेघांसारख्या पुन्हा उमटतात. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी सरांना खालून बोलावून आणलं. एन्झाइमांची घसरण मात्र यानेही पूर्ण थांबत नाही.

एक गोष्ट बाकी आहे. पॅरासिटामॉल रॅटला माणसापेक्षा बरंच कमी बाधतं. छोटा उंदीर, म्हणजे माउस, या बाबतीत माणसाच्या जवळचा. तंत्र हातात बसायला रॅटचं मोठं यकृत सोयीचं होतं, पण आता छोट्या उंदराकडे वळायचं सरांशी बोलून ठरवलंय. त्याची पोर्टल व्हेन फारच बारीक असते, म्हणून महाशिरेतून उलट्या दिशेने प्रवाह द्यायचा विचार आहे. समितीकडे नवा अर्ज गेला आहे, आणि कोलॅजिनेजच्या नव्या लॉटचे नमुने फ्रीजरमध्ये येऊन पडलेत.