नानांच्या चिपळ्या आणि 128चा बिटरेट

नाना म्हणजे माझे आजोबा. वाईला कृष्णाबाईच्या उत्सवात त्यांचं कीर्तन असायचं आणि 1984 पासून पुढची सात वर्षं काकांनी ती कीर्तनं टू-इन-वनवर रेकॉर्ड करून ठेवली. नव्वद मिनिटांच्या कॅसेट. पहिल्या बाजूला पूर्वरंग, उलटली की उत्तररंग. नानांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की पाऊण तास होत आला की ते आपसूक गजराकडे वळायचे आणि गजर चालू असताना काका कॅसेट उलटायचे. अशा 23 कॅसेट.

2007 साली मी त्या सगळ्या एका दुकानात देऊन सीडीवर घेतल्या. 23 कॅसेट तीन सीडींत मावल्या याचं तेव्हा मला अप्रूप वाटलं. साध्या ऑडिओ सीडीत फार तर 80 मिनिटं बसतात, म्हणजे एक कॅसेटसुद्धा पुरती मावत नाही, हे डोक्यातच आलं नाही. त्या सीडींवर 128 केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला 128 किलोबिट एवढ्याच बिटरेटच्या, एमपीथ्री फाइल होत्या. पुढे घराचं काम निघालं तेव्हा 'आता सीडीवर आहेच की सगळं' म्हणून कॅसेटची पेटी भंगारात गेली. ते वाक्य माझंच होतं.

नंतर कधीतरी लॉसलेसबद्दल, म्हणजे काहीही न गमावता आवाज साठवण्याबद्दल वाचलं. फ्लॅक नावाच्या लॉसलेस फाइलमध्ये आवाजाचा कणही जात नाही, असं कळल्यावर मी एका रात्रीत सगळ्या एमपीथ्री फ्लॅकमध्ये कन्व्हर्ट केल्या. एका बाजूची फाइल 43 एमबीची होती ती अडीचशेच्या घरात गेली. आकडा बघून समाधान वाटलं. फोल्डरला नाव दिलं 'नाना – मूळ' आणि चुलत भावंडांना पेन ड्राइव्हवर वाटलंसुद्धा.

त्यातलं 'मूळ' हे साफ खोटं होतं, म्हणूनच आज हे लिहितोय.

सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने (सॅम्पल), प्रत्येक 16 बिटचा, दोन चॅनल. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट. 128ची एमपीथ्री यातला जेमतेम अकरावा हिस्सा ठेवते. बाकीचं नुसतं दाबून बसवलेलं नसतं, ते टाकून दिलेलं असतं. मोठ्या आवाजाच्या आड बारीक आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही, त्या गुणाचा फायदा घेऊन एमपीथ्री ठरवते की हे ठेवू, हे ढोबळ करू, हे सोडून देऊ. फ्लॅक म्हणजे उपरण्याची घडी. जागा कमी लागते आणि घडी मोडली की उपरणं धाग्यासकट तेवढंच. एमपीथ्रीत उपरणं कापलेलंच असतं. त्या कापलेल्याची मी अगदी व्यवस्थित घडी घातली होती, एवढंच. फाइल फुगली कारण एमपीथ्री उलगडल्यावर नमुने पुन्हा तितकेच तयार होतात आणि फ्लॅक ते सगळे इमानानं जपतं, एमपीथ्रीनं केलेल्या चुकांसकट.

हे मला कळलं ते मागच्या वर्षी आत्याकडे चार कॅसेट सापडल्या तेव्हा. दुकानातून परत आल्यावर तिनं ऐकायला म्हणून नेल्या होत्या, म्हणून भंगारातून वाचल्या. या वेळी दुकानात दिल्या नाहीत. एका मित्राचा चांगला कॅसेट डेक आणला, त्याचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, स्पिरिटनं पुसलं. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. त्यानं हेडचा तिरकेपणा बदलतो आणि तो टेपशी जुळला नाही तर आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. चिपळ्या कानात टोचेपर्यंत मी तो केसाकेसानं फिरवत होतो. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, थेट फ्लॅक.

मग त्याच कीर्तनाची 2007ची फाइल काढून दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्या. माझा समज होता की फरक वरच्या पट्टीत असेल. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीत किती आवाज आहे त्याचं चित्र, लावला तर जुनी फाइल 16 किलोहर्ट्झला सुरीनं कापल्यासारखी सपाट होती. पण घरगुती कॅसेटवर त्याच्या वर फारसं काही नसतंच. खरा घात खाली झाला होता. कॅसेटची सरसर हा एमपीथ्रीला सगळ्यात जड जाणारा आवाज. त्यात कसलाच नेम नसतो, त्यामुळे ती नीट ठेवायला खूप बिट लागतात आणि 128मध्ये ते कुठून आणायचे? मग ती सरसर पाण्यात बुडबुडे यावेत तशी खळखळायला लागते आणि नाना हळू बोलले की त्यांचा शब्दही त्या खळखळीत ओढला जातो. चिपळ्यांचं तर फारच वाईट. एमपीथ्री एका वेळी साधारण 26 मिलिसेकंदांचा तुकडा घेते आणि चूक त्या तुकड्यात पसरवते. चिपळीचा ठोका पडायच्या आधीच फस्सकन काहीतरी सांडल्यासारखं ऐकू येतं. नव्या फाइलमध्ये तोच ठोका लाकूड आणि पितळ वेगवेगळं ऐकू यावं इतका स्वच्छ.

शंका राहू नये म्हणून आणखी एक करून पाहिलं. नवी फ्लॅक वेव्हमध्ये (न दाबलेली साधी फाइल), वेव्ह पुन्हा फ्लॅकमध्ये, असं दहा वेळा केलं. मग पहिली आणि दहावी एकावर एक ठेवून एक उलटी केली, म्हणजे 'इन्व्हर्ट'. दोन्ही तंतोतंत सारख्या असल्या तर एकमेकींना पुसून टाकतात, फरक असला तर तेवढाच उरतो. शिल्लक शून्य, सरळ रेघ. तेच 128ची एमपीथ्री करून केलं. एमपीथ्री सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटवते, ती काढून दोन्ही एका ओळीत आणल्या. जे उरलं ते मी हेडफोन लावून ऐकलं. चिपळ्यांच्या कडा, 'स' आणि 'श'चा वारा, कुठेकुठे पेटीच्या भात्याचा श्वास. अकरा वाजले होते, घर झोपलं होतं. मला ते पुरतं ऐकवलं नाही.

एमपीथ्री वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. मी स्वतः गाडीत 256च्याच ऐकतो. पण त्या कायम फ्लॅकवरून करतो. एका एमपीथ्रीवरून दुसरी केली, किंवा एएसी (एमपीथ्रीसारखाच काटछाट करणारा प्रकार) केली, की झेरॉक्सची झेरॉक्स. भावानं तर 'नाना – मूळ' स्पीकरवर लावून, फोन समोर धरून व्हॉइस नोट केली होती आणि तीच आता गावभर फिरतेय. तशीच दुरुस्त्यांची गोष्ट. खरखर काढायची, वेग सुधारायचा तर तो लॉसलेस प्रतीवर, तेही प्रतीची प्रत काढून. नाना काळी दोनमध्ये (पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीत) गायचे, या रेकॉर्डिंगमध्ये पेटी काळी दोनच्या जरा वरच लागते, म्हणजे रेकॉर्ड करताना काकांचा टू-इन-वन हळू फिरत असणार. ती दुरुस्ती मी वेगळ्या फाइलमध्ये केली आहे. टेपवरून जे आलं ते तसंच ठेवलंय.

19 कॅसेटच्या मात्र त्या एमपीथ्रीच उरल्या आहेत. त्यांच्या फ्लॅक पुसून टाकल्या, सीडीवरून मूळ एमपीथ्री परत उतरवून घेतल्या आणि फोल्डरचं नाव बदललं: '2007, 128 एमपीथ्री, कॅसेट नाही'. भावंडांनाही फोन करून सांगितलं, जुना पेन ड्राइव्ह पुसा.

नव्या फाइलमध्ये कीर्तनाच्या आधी नाना पेटीवाल्यांना म्हणतात, "काळी दोन द्या." ते जुन्यातही होतं. पेटीवाले त्यावर पुटपुटतात, "दिली की हो नाना, केव्हाची." हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं.

आत्याच्या चारपैकी तीन झाल्या. चौथीतला टेप दाबून धरणारा स्पंजचा तुकडा निघून आलाय. रविवारी जुन्या कोऱ्या कॅसेटमधला काढून तिथे बसवणार आहे.