पावसाळ्यातला हप्ता

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका स्वतः वल्हं मारत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. चिप्पी कुठली, तिवर कुठली, हे होडीतूनच बोट दाखवून सांगतात. इंजिनाची घरघर नाही की पाण्यावर तेलाचा तवंग नाही. आमच्या किनाऱ्यावरचं पर्यटन असंच वाढावं, असं मला मनापासून वाटतं. बरीच वर्षं सिंधुदुर्गात बँकेच्या कर्ज विभागात काढल्यामुळे हेही ठाऊक आहे की त्यात रिझर्व्ह बँकेला बरंच करता येईल.

पहिली गोष्ट हप्त्याची. कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक (थकीत) होतं. जून ते ऑगस्ट होड्या बंद, म्हणजे ९२ दिवस! खाडीकाठच्या एका ताईंनी माझ्या टेबलासमोर बसून विचारलं होतं, “सायबानू, पावसात होडी वर ओढून ठेवूक लागता, मगे हप्तो खयसून भरू?” भाताच्या पीककर्जाला मात्र थकीत ठरण्याआधी दोन हंगामांची मुभा आहे. शेतीचा हंगाम नियमात बसतो, मग खाडीचा का बसू नये? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला तर कासवं बघायला येणारे पाहुणे उन्हाळ्याच्या तोंडाशी थोडे आठवडेच असतात. हंगामाप्रमाणे हप्ते बांधून देता येतात, नाही असं नाही. पण शाखेतला संगणक मासिक ईएमआयच काढतो आणि वेगळं काही करायची जोखीम नवा अधिकारी सहसा घेत नाही. वरून स्पष्ट परिपत्रक आलं, तर घेईल.

दुसरी गोष्ट हरित ठेवींची, म्हणजे ज्यांचा पैसा बँकेने पर्यावरणपूरक कामांनाच द्यायचा अशा ठेवींची. १ जून २०२३ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमावलीत हा पैसा कशावर खर्च करायचा त्याची यादी आहे, आणि त्यात किनारी व सागरी पर्यावरणाचे प्रकल्प चक्क नाव घेऊन आहेत. वाचून फार बरं वाटलं होतं. पण ती लागू आहे व्यापारी बँकांना आणि ठेवी घेणाऱ्या वित्तसंस्थांना. ग्रामीण बँका वगळल्यात, जिल्हा सहकारी बँकांचाही समावेश नाही. आमच्याकडे गावातल्या बाईला बँक म्हणजे याच दोन. हरित ठेवीचा पैसा तिच्यापर्यंत पोचणार कुठून?

निदान बचत गटांच्या कर्जापुरतं तरी या बँकांना यात घ्या. रक्कम मोठी नसते: एखादी होडी, लाइफ जॅकेटं, पाहुण्यांसाठी नीट शोषखड्डा असलेलं शौचालय. आणि हप्ते ऑक्टोबर ते मे.