कातळावरची कलमे

रत्नागिरीकडच्या आमच्या जमिनीत भाताखाली जेमतेम सहा गुंठे आहेत. बाकी सगळी वरकस. जांभ्या कातळावर वीतभर माती आणि पावसाळ्यात गवत. आजोबा उतारावर आलटून पालटून नाचणी आणि वरी घेत. १९९० साली राज्याने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली आणि काही वर्षांनी वडिलांनी तिथे काजू लावला. ज्या जमिनीला कोणी विचारत नव्हते, तिच्या उत्पन्नावर आमची शिक्षणे झाली. त्या योजनेचे ऋण मी मानतो.

गेल्या वर्षी उरलेल्या तीस गुंठ्यांत मी राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून साठ कलमे लावली. या योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते. मात्र पुढचे हप्ते मिळण्यासाठी पहिल्या वर्षी किमान ८० आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. सरकारी पैशाचा हिशेब राहावा म्हणून अशी अट हवी, हे मला पटते. पण जमीन जितकी हलकी तितकी मर जास्त, म्हणजे ज्याला आधाराची गरज अधिक त्याचाच हप्ता आधी अडकतो.

कातळात पहार मारली की ठिणगी उडते, आणि गड्याचे दिवसभरात दोन खड्डे झाले तर खूप. खोदाईला अनुदान आहे, पण माती आणि शेणखत घालून खड्डा भरणे शेतकऱ्याच्या खर्चाने. मळ्यात ही अट हलकी आहे, कारण खणलेली मातीच परत भरता येते. कातळावर खड्ड्यातून निघतो तो चिरा, आणि माती टेम्पोने आणावी लागते. पावसात त्या खड्ड्यात पाणी तुंबून मुळे कुजतात आणि शिमग्यानंतर तोच कातळ इतका तापतो की कळशीभर पाणी घातले तरी संध्याकाळपर्यंत आळे कोरडे पडते. खर्चाचा मापदंड पिकाबरोबर जमिनीच्या प्रतीवरही ठरावा आणि कातळासाठी जिवंत झाडांची अट शिथिल करून भरावाची माती अनुदानात धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमची साठांपैकी सेहेचाळीस कलमे जगली, म्हणजे ७७ टक्के. उरलेल्या चौदा जागी मिरगाच्या पावसावर नांग्या भरायच्या, म्हणजे नवी कलमे लावायची आहेत. माती खालच्या मळ्यातून आणायचे ठरले आहे, आणि या वेळी प्रत्येक खड्ड्याला उताराच्या बाजूने पाणी निघायला चर मारणार आहे.