मॉन्ट्रियलची ल्हासा

मॉन्ट्रियलच्या माईल एंड भागात एक लहानशी बाग आहे, 'ल्हासा दे सेला' नावाची. भारतातून आलेले पाहुणे ते नाव ऐकून हमखास विचारतात, "इथे तिबेटी वस्ती आहे का गं?" तिबेटशी संबंध एवढाच, की एका बाईने लेकीचं नाव ठेवलं तेव्हा ती तिबेटवरचं पुस्तक वाचत होती. तोवर काही महिने ती पोर बिननावाचीच होती. वडील मेक्सिकन, आई अमेरिकन, जन्म १९७२चा, न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगराळ भागातला. पुढे ती या शहराची गायिका झाली, म्हणून बागेला तिचं नाव.

तिचं बालपण ऐकलं की मला आधी तिच्या आईचीच कमाल वाटते. जुन्या स्कूलबसचं घर करून हे कुटुंब कितीतरी वर्षं अमेरिका आणि मेक्सिकोत फिरत होतं. टीव्ही नाही, अभ्यास आईच घेणार, आणि संध्याकाळी मुलींनीच काहीतरी सादर करायचं. कानावर पडत होतं ते मेक्सिकोतलं रांचेरा नावाचं पारंपरिक संगीत, चिलीची लोकगीतं, अमेरिकन जॅझ, असं काहीही. तेराव्या वर्षी ती सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका ग्रीक कॅफेत गायला लागली. काय गायची? बिली हॉलिडे या अमेरिकन जॅझ गायिकेची गाणी आणि मेक्सिकन गाणी. हल्ली प्रत्येक कलाकाराच्या माहितीत 'जॅझ आणि लोकसंगीताचा संगम' असं लिहिलेलं असतं. हिच्या बाबतीत तो संगम कुणी ठरवून केलेला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

बहिणी सर्कशीचं शिक्षण घ्यायला मॉन्ट्रियलला आल्या (इथे त्यासाठी चक्क राष्ट्रीय विद्यालय आहे). त्यांना भेटायला म्हणून ही १९९१च्या सुमारास आली आणि राहिली. ईव्ह देरोझिए नावाच्या गिटारवादकाशी गाठ पडली आणि दोघं बारमधून कार्यक्रम करू लागले.

आता इथे थोडं थांबून या शहराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मॉन्ट्रियल ज्या फ्रेंच भाषक प्रांतात आहे, त्या क्वेबेकमध्ये भाषेवरून सरकारं येतात आणि जातात. १९७७च्या कायद्याने दुकानांच्या पाट्यांपासून कचेऱ्यांपर्यंत फ्रेंच आणली आणि बाहेरून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेत घातलं. मराठी पाट्यांचे वाद वाचत मोठी झाल्यामुळे मला यात फार परकं वाटलं नाही. फक्त इथे आपण पाट्या बदलायला लावणाऱ्यांत नसून बदलणाऱ्यांत आहोत, एवढाच फरक. ऑक्टोबर १९९५मध्ये कॅनडापासून वेगळं व्हायचं का, यावर सार्वमत झालं. 'हो' म्हणणारे ४९.४२ टक्के! जेमतेम ५४ हजार मतांनी देश एकसंध राहिला. त्या काळात इथे होते असे जुने शेजारी सांगतात, की घराघरांत, नवराबायकोतसुद्धा अबोला होता.

ल्हासा या शहरात बारमधून गात होती ती नेमकी याच वर्षांत. १९९७मध्ये तिचा पहिला आल्बम आला, 'ला योरोना', आणि तो सगळाच्या सगळा स्पॅनिशमध्ये. ना फ्रेंच, ना इंग्रजी. आणि शहराने तो डोक्यावर घेतला. क्वेबेकचा फेलिक्स हा संगीत पुरस्कार त्याच वर्षी, कॅनडाचा जुनो पुढच्या वर्षी. मला वाटतं, या भांडणात तिची भाषा कुणाच्याच बाजूची नव्हती, हे तिच्या पथ्यावर पडलं. हा माझा तर्क. इथले संगीतवाले म्हणतील, आवाजच तसा होता. तेही खरंच आहे. खर्जातला, किंचित घोगरा, पंचविशीतल्या मुलीचा वाटतच नाही. पुरस्कार मात्र दोन्हीकडे 'जागतिक संगीत' या खात्यातून. राहायची चार गल्ल्या पलीकडे, तरी खातं जगाचं!

योरोना म्हणजे आपली पोरं नदीत बुडवून नंतर काठाकाठाने रडत फिरणारी मेक्सिकोतली बाई. आपल्याकडे विहिरीवरच्या जखिणीची भीती घालून मुलांना दिवेलागणीला घरात घेतात, तिकडे हिची. या आल्बममध्ये एक पारंपरिक नाताळगीत आहे, एका गुलामाच्या तोंडचं दक्षिण अमेरिकेतलं जुनं गाणं आहे, आणि बाकी बरंचसं तिचं स्वतःचं.

एवढं यश मिळाल्यावर दुसरा आल्बम लगेच यायला हवा होता. ही बाई कंटाळली आणि फ्रान्सला जाऊन बहिणींच्या सर्कशीत दाखल झाली! 'द लिव्हिंग रोड' आला तो थेट २००३ साली. यात स्पॅनिश, फ्रेंच आणि इंग्रजी तिन्ही भाषा आहेत, पण बहुतेक गाणी एकेका भाषेत पूर्ण राहतात. एक ओळ या भाषेत, दुसरी त्या भाषेत, असा चिवडा ती सहसा करत नाही. आमच्या इकडच्या गणेशोत्सवात दरवर्षी कुणीतरी अभंगाखाली ड्रम आणि सॅक्सोफोन घालून त्याला फ्यूजन म्हणतं. अभंगाला काही होत नाही, तो सोसतो बिचारा. पण ल्हासा ऐकल्यापासून मला ते ऐकवत नाही.

तिच्या फ्रेंच गाण्यांचे माझ्यावर वेगळे उपकार आहेत. नवीन आलेल्यांसाठी सरकार फ्रेंचचे वर्ग चालवतं, तिथे आमच्या बाईंनी एकदा तिचं 'शहरात येतेय' अशा अर्थाच्या नावाचं गाणं लावलं. रस्त्यावरची क्वेबेकी फ्रेंच माझ्या डोक्यावरून जायची. अर्धे शब्द गिळलेले, उरलेले पळवलेले. हिचा शब्द न् शब्द कळला. ही भाषा तिने मोठेपणी उचलली होती, त्यामुळे ती प्रत्येक अक्षर नीट ठेवून गाते. वर्गात आम्ही अल्जीरियाचे, कोलंबियाचे, चीनचे, आणि महाराष्ट्राची मी एकटी. कोलंबियाच्या बाईला मात्र गायिका ऐकताक्षणी ओळखू आली आणि तासाचा उरलेला वेळ तिनेच घेतला.

तिसरा आल्बम २००९चा, नुसतं 'ल्हासा' नाव, पूर्ण इंग्रजी. माईल एंडमधल्याच स्टुडिओत, वादकांना एकत्र बसवून, जुन्या पद्धतीने टेपवर ध्वनिमुद्रित केलेला. लॅटिन ताल जवळजवळ गेलेला, हार्प आणि गिटार पुढे आलेले, चाली अमेरिकन गॉस्पेलच्या, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, वळणाच्या. तोवर तिला स्तनाच्या कर्करोगाने गाठलं होतं. परदेशातले कार्यक्रम रद्द करावे लागले. १ जानेवारी २०१० रोजी, ३७व्या वर्षी ती गेली. त्यानंतर शहरात चाळीस तासांहून जास्त बर्फ पडत राहिला, असं तिच्या निधनाच्या निवेदनातही लिहिलेलं आहे. इथले लोक तिच्याबद्दल बोलताना तो बर्फ काढतातच.

ऐकायचं झालं तर सुरुवात मधल्या आल्बमने करा. 'ला योरोना' त्यानंतर, स्पॅनिश येत नसली तरी. तिसरा घाईने ऐकला तर सपाट वाटेल, मलाही पहिल्यांदा वाटला होता. त्याच्याकडे सावकाश या. आइसलँडमधल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण २०१७मध्ये बाहेर आलं, तेही मिळतं. आणि कुणी उन्हाळ्यात इकडे येणार असाल तर आधी कळवा, जॅझ महोत्सवाच्या दिवसांत आमचं घर पाहुण्यांनी भरलेलं असतं.