"किती टाकू?" "पस्तीस!"

पेट्रोलपंपावर हवा भरताना बहुतेक जण सवयीने "चारही चाकांत पस्तीस" सांगून मोकळे होतात. खरा आकडा गाडीवरच्या स्टिकरवरच छापलेला असतो: ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. लहान हॅचबॅकला तो बहुधा ३० ते ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असतो. पुढच्या-मागच्या चाकांचा आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असेल तर तोही तिथेच सापडतो. आकडा फक्त बार या दुसऱ्या एककात दिला असेल तर १४.५ ने गुणा, २.२ बार म्हणजे ३२ पीएसआय. टायरच्या कडेवर कोरलेला ४४ किंवा ५१ ही त्या टायरची कमाल मर्यादा, भरायचा आकडा नव्हे.

आता खरी गोम. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असेल तेव्हाचा. चालून तापलेल्या टायरमध्ये हवा सहज ४ पीएसआय जास्त दिसते. पंपावर ३७ दिसले म्हणून सोडून ३३ केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये २९ उरते. तापलेल्या टायरची हवा कधीच सोडू नये.

उपाय सोपा आहे. स्वतःचा गेज (हवेचा दाब मोजायचं छोटं यंत्र) घ्या आणि सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा. समजा हवी ३३ आणि आहे २९, तर तूट ४. पंपावर पोचल्यावर गेज ३२ दाखवत असेल तर मशीनवर ३६ लावा. वाटेत तापून वाढलेला दाब त्यात आपोआप धरला जातो.

उन्हाळ्यात "टायर फुटेल" म्हणून दोन-तीन पीएसआय कमी ठेवणारे बरेच भेटतात. होतं नेमकं उलट. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्याची बाजू वाकत राहते आणि त्यातूनच आणखी उष्णता तयार होते. भरलेली गाडी, १०० चा वेग आणि तासभर न थांबता महामार्ग, असा टायर फुटतो तो इथेच. पावसाळ्यात ग्रिपसाठी हवा कमी करणंही चूकच. पाणी बाजूला सारायची टायरची ताकद त्याने घटते.

झीज पाहिली तरी बरंच कळतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त. एकच कड गेली असेल तर हवेला दोष देऊ नका, अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का, ते बघा.

महिन्याला एखादा पीएसआय उतरणं स्वाभाविक आहे. पण एकच चाक आठवड्यात ३-४ उतरत असेल तर आधी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर व्हॉल्व्हची पिन बदलून घ्या, नाहीतर खिळा शोधा. नायट्रोजनसाठी पैसे मोजायची गरज नाही. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

आणि स्टेपनी? ती मोजायची राहतेच. पूर्ण आकाराची असेल तर स्टिकरवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याइतकी भरून ठेवा. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर बहुधा ६० पीएसआय छापलेलं असतं, आणि तिला खरंच तेवढी लागते.