ग्रहणाचा हात

माझा उजवा हात जन्मापासून अधू आहे. माहेरी सगळे त्याला ग्रहणाचा हात म्हणायचे. मी पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि माय त्या वेळी विळीवर वांगी चिरत बसली होती, अशी ती गोष्ट. सांगणारी माझी आजी, म्हणजे मायची सासू. माय कधी उलटून बोलली नाही. वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत मीही तेच खरं धरून चालले.

हात कसा आहे ते आधी सांगते, म्हणजे ज्यांच्या घरात असा हात आहे त्यांना ओळखता येईल. खांद्यातून आत वळलेला, कोपरात थोडा वाकलेला, तळवा मागच्या बाजूला. डाव्यापेक्षा आखूड आणि बारीक. बोटं मात्र चांगली आहेत. मूठ वळते, गाठ सोडता येते, शेंगा निवडता येतात. पण हात खांद्याच्या वर जात नाही. घास तोंडाशी न्यायचा तर आधी कोपर पंखासारखं बाजूला उचलावं लागतं, आणि तोवर घासातलं अर्धं सांडतं. म्हणून मी डाव्या हाताने जेवते, डाव्या हाताने लिहिते.

डाव्या हाताने जेवणाऱ्या बाईला पंगतीत काय काय ऐकावं लागतं ते मी इथं उगाळत नाही. एकच सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी डाव्या हाताने कुंकू लावायला गेले आणि समोरच्या बाईने कपाळ मागे घेतलं. तेव्हापासून मी उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने उचलून धरते आणि उजव्या बोटाने कुंकू लावते. आता ती रीत अंगवळणी पडली आहे.

भाकरीचं तसंच. काटवट जमिनीवर घेऊन वाकून बसलं की उजव्या हाताची बोटं भाकरी फिरवायला कामी येतात, थापायचं डाव्याने. हे मला मायने शिकवलं, आठव्या-नवव्या वर्षी. ती स्वतः आधी तसं थापून बघायची, उजवा हात अंगाशी धरून, मग मला दाखवायची. माझा हात कुठे चालतो आणि कुठे नाही हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. आमच्या घराच्या भिंतींची माती पडायला लागली. गाढ झोपेतून उठलेल्या मायने अंधारात मला ओढून बाहेर काढलं ते डाव्या हाताला धरून. आधी तिच्या हातात माझा उजवा हात आला होता. तो सोडून तिने डावा चाचपला, हे मला अजून आठवतं.

मी दवाखान्याची पायरी चढले ती मात्र डाव्या हातासाठी. २०२३ च्या पावसाळ्यात माझा डावा खांदा दुखायला लागला. रात्री बोटांना मुंग्या यायच्या, झोपमोड व्हायची, हात झटकत बसायची. मी अंगणवाडी सेविका आहे. लेकरांना उचलून वजनकाट्यावर ठेवणं, रजिस्टरं, मोबाईलवर माहिती भरणं, सगळं डाव्या हाताने. घरी पाणी भरणं, धुणं, भाकरी तेही डाव्याने. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्या खेड्याकडे कुठली रेल्वे? त्या उन्हाळ्यात टँकरपासून घरापर्यंत किती घागरी डाव्या बाजूने वाहिल्या त्याची मोजदाद नाही. तेव्हा काही वाटलं नाही.

गावात आधी वात म्हणून तेल झालं, मग इंजेक्शनं झाली. दोन महिने असेच गेले. शेवटी ह्यांनी मला शहरात हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डावा खांदा तपासला आणि म्हणाले, "ताई, आता उजवा दाखवा." मी म्हटलं, तो जन्मापासूनचा आहे, त्याचं काही दुखणं नाही. तरी त्यांनी दाखवायला लावला. मग विचारलं, जन्म घरी झाला की दवाखान्यात? बाळ मोठं होतं का? डोकं बाहेर आल्यावर अडकलं होतं का? मला उत्तरं माहीत नव्हती. त्यांच्यासमोरच मायला फोन लावला. माय म्हणाली, "व्हय, डोस्कं आलं अन् खांदा अडकला. सुईणीनं लई वढलं. लेकरू निळं पडलं हुतं."

डॉक्टरांनी माझ्या केसपेपरच्या मागे चित्र काढलं. मानेच्या कण्यातून नसांची पाच मुळं निघतात, त्यांना सी-५, सी-६, सी-७, सी-८ आणि टी-१ म्हणतात. गळपट्टीच्या हाडामागे ती एकमेकींत गुंफतात आणि तिथून खांदा, दंड, मनगट, बोटांकडे नसा जातात. या गुंफणीला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. बाळाचं डोकं बाहेर येऊन खांदा आईच्या जांघेकडच्या हाडामागे अडकला की मान आणि खांदा यांच्यामधलं अंतर ताणलं जातं. त्यात वरची मुळं, सी-५ आणि सी-६, आधी ताणतात, कधी तुटतात. खांदा उचलणं, हात बाहेर वळवणं, कोपर वाकवणं ही कामं याच मुळांची. बोटांची मुळं खालची, म्हणून माझी बोटं शाबूत. याला अर्ब पाल्सी म्हणतात, १८७४ साली विल्हेल्म अर्ब या जर्मन डॉक्टरने त्याचं वर्णन केलं होतं त्यावरून.

म्हणजे माझ्या हाताला नाव होतं, आणि ते माझ्या आजीच्याही जन्माआधीपासून होतं.

मी सुईणीला दोष देत नाही. खांदा अडकला की बाळ काही मिनिटांतच बाहेर यावं लागतं, नाहीतर ते जगत नाही. त्या रात्री गावात ती एकटीच होती. मोठ्या दवाखान्यातही हे होतं. हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला अशी इजा होते, असं डॉक्टरांनी सांगितलं.

नंतर नसांची तपासणी झाली. आधी हातावर जागोजागी बारीक शॉक देतात, ते सहन होतं. मग बारीक सुई थेट स्नायूत घालतात आणि हात वाकवायला सांगतात. सुईची तार यंत्राला जोडलेली असते आणि स्नायू काम करतो त्याचा आवाज यंत्रातून ऐकू येतो. आधी डाव्या दंडात घातली. कोपर वाकवलं तर पत्र्यावर वळवाचा पाऊस पडावा तसा दाट आवाज आला. मग उजव्या दंडात. मी सगळा जोर लावला. टप, टप. मध्ये थांबून पुन्हा टप. पाऊस उघडल्यावर वळचणीचं पाणी गळतं तसा. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "सोडा आता हात." मी सोडला नाही. तो आवाज मला अजून ऐकायचा होता. पस्तीस वर्षं त्या तेवढ्या थेंबांवर माझा दंड चालला होता.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं की नसा जोडायची वेळ कधीच निघून गेली. ते ऑपरेशन लहानपणी, सहसा तिसऱ्या ते नवव्या महिन्यादरम्यान करतात. नसेचा निरोप फार काळ आला नाही की स्नायू तो घेणंच विसरतो. मोठेपणी स्नायूची दोरी दुसरीकडे बसवता येते, किंवा दंडाचं हाड कापून फिरवता येतं, म्हणजे तळवा पुढे येतो. मी विचार केला आणि तूर्त नको म्हटलं. हाड जुळेपर्यंत सगळा भार पुन्हा डाव्यावरच येणार, आणि माझं दुखणंच डाव्याचं आहे. एक हात अधू असला की दुसरा दोघांचं काम करतो आणि तिशी-चाळिशीत तो बोलायला लागतो, मानही बोलायला लागते. हे मला विसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी घागरी तरी कमी उचलल्या असत्या.

फिजिओथेरपीत मला दाराच्या चौकटीला कप्पी आणि दोरी बांधून दिली. डाव्याने ओढायचं, उजवा वर जातो. घरात फडताळाच्या वरच्या खणातलं सगळं खाली आणलं. रोज भाकरी करायची ती आठवड्यातून दोनदा, बाकी दिवस पोळ्या, त्यात थापणं नाही. मुलगा पाण्याचे हंडे उचलतो. अंगणवाडीत वजनकाटा टेबलावरून खाली, जमिनीवर ठेवला, म्हणजे लेकरू फार उचलावं लागत नाही. तीन-चार महिन्यांत मुंग्या कमी झाल्या. पूर्ण गेल्या नाहीत.

आता दिव्यांग प्रमाणपत्राचं. अनेकांची गाडी तिथेच अडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. अर्ज ऑनलाइन असतो, मी गावच्या सेवा केंद्रातून भरला. आधार, फोटो, राहण्याचा पुरावा. मग ठरलेल्या दिवशी तपासणीला जायचं. मी पहाटेच्या एसटीने गेले, दुपारी नंबर आला. मला विचारलं, मूठ वळते का? मी वळून दाखवली. पेन धरता येतो का? येतो. झालं. दोन मिनिटं. हात वर करायला कुणी सांगितलंच नाही. २८ टक्के लागले. कार्ड आलं त्यावर पांढरी पट्टी. ४० टक्क्यांच्या खाली बहुतेक सवलती लागू होत नाहीत. पैशांचं मला तितकं वाटलं नाही, एसटीत बायकांना अर्धं तिकीट २०२३ पासून आहेच. मला ते लेखी हवं होतं. माझा हात माझ्या चुकीने किंवा माझ्या मायच्या चुकीने असा नाही, त्याला इजा झाली आहे आणि ती इतकी आहे, असं सरकारी कागदावर हवं होतं. घरी येऊन मी रडले.

मग फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५९ आहे, त्याखाली या निर्णयावर अपील करता येतं. त्यांनी माझ्या हाताची मापं कोनमापकाने घेऊन लिहून दिली. खांदा किती अंशांपर्यंत उचलतो, बाहेर किती वळतो, कोपर किती सरळ होतं. ताकद ० ते ५ अशी मोजतात. ५ म्हणजे पूर्ण, ३ म्हणजे हाताचं स्वतःचं वजन तेवढं उचलता येणं, ० म्हणजे हालचालच नाही. नसांच्या तपासणीचा रिपोर्ट सोबत जोडला. दुसऱ्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला साडीचा पदर उजव्या हाताने खांद्यावर टाकायला सांगितलं. केस बांधायला सांगितले. पाठीमागे हात न्यायला सांगितलं. खवाटा, म्हणजे खांद्यामागचं पाठीवरचं हाड, कसा वर येतो ते मागून बघितलं. ४६ टक्के लागले, कायमचे. कार्डावर पिवळी पट्टी आली. ज्यांची बोटं चालतात पण खांदा नाही, त्यांनी पहिल्याच वेळी स्वतःहून म्हणावं, "साहेब, हात वर करून दाखवते." आणि मापं लेखी घेऊन जावं. मला हे आधी सुचलं नाही, त्यात माझे आठ महिने गेले.

आणखी एक, हे नव्या आयांसाठी. माझ्या अंगणवाडीच्या हद्दीत एक वीस दिवसांचं बाळ होतं. ते दचकलं की एकच हात उघडायचं, दुसरा अंगाशी तसाच पडून राहायचा. आजी म्हणत होती, झोपेत दबला असेल. मी त्यांना त्याच आठवड्यात शहरात पाठवलं. बहुतेक बाळांचा हात आपोआप सुधारतो, पण सुधारतोय की नाही हे कुणीतरी बघत राहावं लागतं. तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकलं नाही तर नसांच्या सर्जनला दाखवायचं, थांबायचं नाही. त्या बाळाने अडीच महिन्यांत कोपर वाकवलं. त्याच्या आईने मला व्हिडिओ पाठवला, बाळ मूठ चोखत होतं, त्याच हाताची.

डॉक्टरांकडून आले त्याच आठवड्यात मी माहेरी गेले होते. चित्राचा तो कागद मायला दाखवला. तिला अक्षरं वाचता येत नाहीत, पण मान, खांदा, नसा हे समजलं. मी म्हटलं, "माय, ग्रहणाचं काही नव्हतं. तू काही केलं नव्हतं." ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी वांगी चिरलीच नव्हती गं. मी त्या दिशी विळीला हातच लावला नव्हता. पण कुणाला सांगू?"

आणि तरी इतकी वर्षं तिने प्रत्येक ग्रहण पाळलं होतं. वेध लागले की पाणीसुद्धा घ्यायची नाही, एका जागी भिंतीला टेकून बसून राहायची, विळी आधीच पोत्याखाली ठेवून द्यायची.

७ सप्टेंबर २०२५ ला चंद्रग्रहण होतं तेव्हा ती माझ्याकडे आली होती. दुपारपासून तिने काही खाल्लं नव्हतं. मी काही म्हटलं नाही. रात्री दहा वाजून गेले होते, ग्रहण लागलेलं होतं, आणि माझा मुलगा भूक भूक करत स्वयंपाकघरात फिरत होता. काकड्या होत्या टोपलीत. मी उठायला लागले तर माय म्हणाली, "तू बस. तुझा खांदा दुखतोय. विळी कुठं हाय?"

तिने विळी पायाखाली धरली आणि काकडी चिरून त्याला दिली. स्वतः खाल्ली नाही.