लिहिलं पांढरी दोन, वाजतं काळी दोन

मोझार्टची सिंफोनिया कंचर्टान्टे (के. ३६४), म्हणजे सोलो व्हायोलिन, सोलो व्हायोला आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, म्यूझस्कोअर ४ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवायला घेतली, त्याला आज तीन आठवडे झाले. पहिल्या मूव्हमेंटचे दोन्ही सोलो भाग भरून झाले, ऑर्केस्ट्रा निम्मा बाकी आहे. सगळ्यात जास्त वेळ सोलो व्हायोलाने (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या स्वरांचं वाद्य) घेतला आणि सगळ्यात जास्त आनंदही त्यानेच दिला.

१७७९ सालची ही रचना आहे ई फ्लॅट मेजरमध्ये, पण सोलो व्हायोलाचा भाग मोझार्टने लिहिला डी मेजरमध्ये. वादकाने चारही तारा अर्ध्या स्वराने चढवायच्या आणि डी मेजर वाचत वाजवायचं. पेटीवाल्यांना हे लगेच उमगेल: स्केल चेंजर (पट्टी बदलायची सोय) सरकवला की बोटं पांढरी दोनमध्येच (डी) फिरतात, ऐकू मात्र काळी दोन (ई फ्लॅट) येते. यामुळे डी, जी, ए या मोकळ्या तारा हाताशी राहतात, वाढलेल्या ताणाने आवाज उजळतो आणि ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलांमधून सोलो वेगळा उठून येतो.

आता सेटिंग. व्हायोलाच्या स्टाफवर (पाच रेघांच्या ओळीवर) राइट क्लिक करून 'स्टाफ/पार्ट प्रॉपर्टीज' उघडा, ट्रान्सपोझिशनमध्ये (लिहिलेला आणि वाजणारा स्वर यांतलं अंतर) मायनर सेकंड, म्हणजे अर्धा स्वर, निवडा आणि दिशा 'अप' ठेवा. मी आधी 'डाउन' ठेवलं होतं, कारण ई फ्लॅटवरून डीला खालीच यायचं, असं डोक्यात होतं. भलतीच की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची खूण) आली. तिथे विचारलेलं असतं ते हे: लिहिलेल्या स्वरापेक्षा वाजणारा स्वर वर आहे की खाली? दिशा बदलली, 'कन्सर्ट पिच' (प्रत्यक्ष वाजणारे स्वर दाखवायची सोय) बंद केलं आणि डी मेजरचे दोन शार्प दिसले. चालू केलं की ई फ्लॅट मेजरचे तीन फ्लॅट. खात्रीसाठी मोकळ्या डी तारेचा स्वर लिहून वाजवला, ई फ्लॅट ऐकू आला. त्या एका स्वराने संध्याकाळ सार्थकी लागली.

क्लेफचं (कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणाऱ्या खुणेचं) काम सोपं. व्हायोलाचा अल्टो क्लेफ, मधली रेघ म्हणजे मिडल सी. सोलो वर चढला की पूरक रेघांची (स्टाफबाहेरच्या छोट्या रेघांची) शिडी होते, तिथे ट्रेबल क्लेफ घ्यायचा. हव्या त्या स्वरावर क्लिक करून पॅलेटमधला क्लेफ निवडला की तो बरोबर त्या स्वराआधी बसतो. स्वर तोच राहतो, फक्त जागा बदलते.

डबल बासने मात्र एक पूर्ण रविवार खाल्ला. छापील स्कोअरमध्ये चेलो आणि बास एकाच ओळीवर आहेत. मी दोन स्टाफ केले आणि चेलोची ओळ बासवर पेस्ट केली. पेस्ट करताना वाजणारा स्वर जपला जातो आणि बास तर लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो, त्यामुळे सगळी ओळ सप्तकभर वर जाऊन बसली. पूर्ण ओळ निवडून कंट्रोल आणि खालचा बाण एकदाच दाबायचा, की जागेवर येते. हे कळेपर्यंत मी चाळीस बार हाताने खाली ओढले होते.

आता अँडान्टे, म्हणजे दुसरी, संथ मूव्हमेंट. मूळ सी मायनर, म्हणजे सोलो व्हायोलाला बी मायनर. पहिले आठ बार काल रात्री भरले.